कोकणात घरचे इंटरनेट आणि टीव्ही बदलताना: चौकशीपासून जुने कनेक्शन बंद करेपर्यंत

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून उपलब्ध आहे. घरच्या ब्रॉडबँडला किंवा टीव्हीला मात्र तशी सोय नाही. येथे कंपनी बदलणे म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले दोन स्वतंत्र व्यवहार करणे: एका ठिकाणी नवे कनेक्शन घेणे आणि दुसऱ्या ठिकाणी जुने रीतसर बंद करणे. नवी कंपनी जुन्या कंपनीला काही कळवत नाही, जुनी कंपनी आपण होऊन बिल थांबवत नाही, लँडलाइनचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही आणि एका कंपनीचा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नाही. त्यामुळे कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे ग्राहकालाच ठरवावे लागते.

पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्यात हा क्रम अधिक काळजीने ठरवावा लागतो. येथे वाड्या एकमेकींपासून दूर आहेत, वायर माडा-पोफळीतून आणि आंब्याच्या कलमांवरून येते आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत खांबावर चढणे हेच मोठे काम होऊन बसते. म्हणून प्लॅनचा वेग आणि किंमत यांच्या आधी एक प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे: भर श्रावणात लाइन तुटली तर दुरुस्तीला कोण येणार आणि कोठून येणार? पुढील सर्व पायऱ्या या प्रश्नाभोवती मांडल्या आहेत.

आधी दोष नेमका कोठे आहे ते तपासावे

कंपनी बदलूनही तक्रार तशीच राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. त्याचे कारण बहुधा असे असते की, दोष बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये नसून घरातल्या वाय-फायमध्ये असतो. जांभ्याच्या जाड भिंतींतून वाय-फायचा सिग्नल फार दूर जात नाही. पडवीत लावलेला राउटर माजघरापर्यंत कसाबसा पोहोचतो आणि मागच्या पडवीत बसलेल्या माणसाला ‘नेट नाही’ असे वाटते. राउटरमधून सहसा दोन पट्ट्यांवर सिग्नल निघतो. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर नमतो, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सावकाश असला तरी अधिक दूर पोहोचतो.

तपासणीसाठी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. हे काम सकाळी एकदा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास एकदा, असे काही दिवस करावे आणि आकडे लिहून ठेवावेत. केबलवर पूर्ण वेग मिळत असेल आणि आतल्या खोल्यांत मिळत नसेल, तर कंपनी बदलून काहीही साधणार नाही. आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तेथे दुसरा राउटर बसवणे हा त्यावर स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. लॅन केबल एका तुकड्यात शंभर मीटरपर्यंतच व्यवस्थित चालते, हे होम-स्टेच्या सुट्या खोल्यांसाठी लक्षात ठेवावे. केबलवरही रात्रीच वेग पडत असेल, तर कंपनीने एका मुख्य लाइनवर क्षमतेपेक्षा जास्त ग्राहक घेतले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते कंपनी बदलण्याचे रास्त कारण आहे.

महिनाअखेरीसच वेग पडत असेल, तर प्लॅनमधील डेटाची मर्यादा संपली आहे का ते पाहावे. ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्लॅनना अशी मर्यादा असते. फायबरच्या, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने येणाऱ्या इंटरनेटच्या, बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास असते, स्वस्त प्लॅनमध्ये बरीच कमी असते आणि ती ओलांडल्यावर वेग एकदम खाली आणला जातो.

फायबर असेल तर आणखी एक आकडा विचारून घ्यावा. घरातल्या मोडेमपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएममध्ये मोजतात. सर्वसाधारणपणे उणे १५ ते उणे २५ या दरम्यानची पातळी चांगली समजली जाते. उणे २७ च्या पलीकडे गेल्यास लाइन वारंवार तुटू लागते. हा आकडा मोडेमच्या सेटिंगमध्ये दिसतो किंवा लाइनमन छोट्या मीटरवर तो दाखवू शकतो. पातळी खराब असेल तर एखादा सांधा खराब झालेला असतो किंवा वायर कोठेतरी मुडपलेली असते, आणि तेवढ्यापुरती दुरुस्ती पुरेशी ठरते. मोडेमवर ‘लॉस’ या नावाचा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाश पोहोचतच नाही. अशा वेळी मोडेम पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्यात अर्थ नसतो; सरळ तक्रार नोंदवावी.

वाडीत प्रत्यक्षात काय मिळते

कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की ‘सेवा उपलब्ध’ असे उत्तर येते. कोकणात त्यावर विसंबू नये. एकाच पिनकोडखाली अनेक गावे असतात. बाजारपेठेत फायबर असते आणि सड्याच्या पलीकडच्या वाडीत खांबसुद्धा नसतो. वाडीतल्या, शक्यतो त्याच पाखाडीवरच्या दोन-तीन घरांत विचारावे आणि वेगाऐवजी गेल्या पावसाळ्यात लाइन किती दिवस बंद होती, हे विचारावे. शेजारी वेगाबद्दल अंदाजाने बोलतो, पण गणपतीत नेट गेले होते की नाही, हे त्याला पक्के आठवत असते.

पर्याय साधारणपणे चार प्रकारचे असतात. बीएसएनएलचे फायबर बऱ्याच गावांत पोहोचले आहे आणि ते अनेकदा स्थानिक भागीदारामार्फत चालवले जाते, त्यामुळे सेवेचा दर्जा त्या भागीदारावर अवलंबून राहतो. मोठ्या खासगी कंपन्यांचे फायबर प्रामुख्याने तालुक्याची ठिकाणे आणि महामार्गालगतचा पट्टा येथे सापडते. तिसरा पर्याय स्थानिक केबलचालकाच्या ब्रॉडबँडचा. त्याच्याकडे बिलाची शिस्त कमी असू शकते, पण त्याचा माणूस गावातलाच असतो आणि फोन उचलतो. चौथा पर्याय म्हणजे मोबाइल टॉवरवरून छपरावरच्या यंत्रात येणारे पाच-जी इंटरनेट. जिओने ते एअरफायबर या नावाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केले आणि एअरटेलचीही तशीच सेवा आहे.

या चौथ्या पर्यायात वायर तुटण्याची भीती नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु डोंगराच्या कुशीतल्या घराला टॉवर दिसला पाहिजे आणि त्या टॉवरवर गर्दी नसली पाहिजे. गणपतीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत चाकरमानी गावी आले की एरवी रिकामा असणारा टॉवर भरून जातो आणि वेग खाली येतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्याच कंपनीचे पाच-जी सिम असलेला फोन घेऊन गच्चीवर किंवा खळ्यात रात्री नऊ वाजता वेग मोजावा, आणि शक्य असल्यास सुटीच्या दिवसांत पुन्हा मोजावा.

किती वेग पुरतो

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ केबीपीएसवरून दोन एमबीपीएसवर नेली, पण ती केवळ कायद्याची पायरी आहे. एचडी चित्रपटाला सुमारे पाच एमबीपीएस, फोर-के चित्राला १५ ते २५ एमबीपीएस आणि व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस लागतात, असे धरले तर चार माणसांच्या घराला चाळीस-पन्नास एमबीपीएसचा खात्रीचा प्लॅन पुरतो. तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेऊन पावसाळ्यात आठवडाभर बंद राहणारी लाइन काही कामाची नाही. घरून काम करणाऱ्यांनी अपलोडचा वेग स्वतंत्रपणे विचारावा, कारण जाहिरातीत दिसतो तो आकडा बहुधा डाउनलोडचा असतो.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न विजेचा असावा. घरात इन्व्हर्टर असला तरी मधल्या वाटेवर वीज लागणारी यंत्रे असतील, तर महावितरणचा पुरवठा गेल्याबरोबर नेटही जाते. मुख्य केंद्रापासून घरापर्यंत मध्ये विजेचे कोणतेही यंत्र लागत नाही, अशी फायबरची रचना आता सर्रास वापरली जाते. पण काही ठिकाणी अजूनही खांबावरच्या पेटीत किंवा कोणाच्या तरी पडवीत वीज लागणारा स्विच असतो. ‘घरापर्यंत सगळे फायबरच आहे का, मध्ये कोठे वीज लागते का, आणि तुमच्या केंद्रावर बॅकअप किती तासांचा आहे?’ असे स्पष्ट विचारावे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली परिसरात अनेक दिवस वीज नव्हती. मे २०२१ मधील तौक्ते वादळानेही किनारपट्टीवर तशीच वेळ आणली. एवढ्या मोठ्या संकटात कोणताही बॅकअप पुरणार नाही, परंतु एरवी चार-सहा तास वीज गेल्यास तो पुरतो की नाही, हे विचारणे गैर नाही.

दुसरा प्रश्न मुख्य लाइनचा. चालकाकडे, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीकडे किंवा केबलवाल्याकडे, वरून येणारी लाइन एकाच मार्गाने येते की दोन वेगवेगळ्या मार्गांनी, हे जाणून घ्यावे. रस्त्याची कामे सुरू असतात तेथे जेसीबीच्या एका फटकाऱ्यात अख्ख्या तालुक्याचे नेट जाऊ शकते. दुसरा मार्ग असलेला चालक अशा वेळी अर्ध्या तासात सावरतो, नसलेला दोन दिवस ‘काम चालू आहे’ असे सांगत राहतो.

त्यानंतर दुरुस्तीचा माणूस कोठे राहतो, सांधे जोडण्याचे स्प्लायसिंग यंत्र चालकाकडे स्वतःचे आहे की जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवावे लागते आणि घरापर्यंतची वायर बदलावी लागल्यास तिचा खर्च कोणी करायचा, हे विचारावे. झाड पडून वायर तुटली तर ती ग्राहकाने विकत घ्यावी, अशी काही ठिकाणी प्रथा आहे. आधी ठरलेले असेल तर नंतर वाद होत नाही. माकडांनी वायरीवर लोंबकळून ती तोडली तर काय, हा प्रश्नही येथे विनोदाचा समजू नये.

पैशांच्या बाबतीत सांगितलेली किंमत करासह आहे की कराशिवाय, हे आधी पाहावे. ब्रॉडबँड आणि टीव्ही या दोन्ही सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ५९९ रुपयांचा प्लॅन प्रत्यक्षात सुमारे ७०७ रुपयांना पडतो. बसवण्याचा आकार, मोडेमची अनामत, ती परत मिळण्याची अट आणि मध्येच बंद केल्यास कापली जाणारी रक्कम लेखी घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही चालेल. वर्षभराचे पैसे एकदम भरल्यास एक-दोन महिने फुकट देण्याची योजना सर्रास असते. नव्या चालकाकडे पहिल्याच खेपेस ती घेऊ नये. महिन्याचा किंवा फार तर तीन महिन्यांचा प्लॅन घ्यावा आणि पावती मागावीच, कारण बँकेतून पैसे गेल्याची नोंद म्हणजे अनामतीची पावती नव्हे.

घराच्या किंवा बागेच्या राखणीसाठी कॅमेरे लावले असतील तर आणखी एक गोष्ट विचारावी लागते. बहुतेक चालक आता अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. जुन्या पद्धतीने, थेट आयपी पत्ता टाकून मुंबईहून कॅमेरे पाहण्याची सवय असेल तर नव्या कनेक्शनवर ते बंद पडेल. कंपनीच्या अ‍ॅपमधून चालणारे कॅमेरे सहसा विनातक्रार चालतात. बाकीच्यांसाठी स्वतंत्र आणि न बदलणारा (स्टॅटिक) आयपी घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

टीव्हीचा निर्णय वेगळा घ्यावा

इंटरनेट, टीव्ही आणि ओटीटी एकाच बिलात देणाऱ्या योजना आकर्षक दिसतात. शहरात त्या घ्यायला हरकत नाही. कोकणातल्या घरासाठी मात्र दोन्ही सेवा दोन वेगळ्या वाटांनी घरात याव्यात, असे मी सुचवीन: इंटरनेट फायबरने आणि टीव्ही डिशने. याचे कारण दोघांच्या बिघाडाची तऱ्हा वेगळी आहे. डिशवर येणारा सिग्नल केयू नावाच्या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यातला असतो आणि मुसळधार पावसात तो क्षीण होतो; पण सर ओसरली की काही मिनिटांत चित्र परत येते. फायबरला पावसाची सर काहीच करत नाही. झाड पडले तर मात्र ते दिवसच्या दिवस बंद राहते. दोन्ही एकाच वायरीवर असतील तर वादळाच्या दिवशी घरात बातम्यांचे एकही साधन उरत नाही.

डिश बसवण्यासाठी आकाशाची दिशा पाहावी लागते. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, टाटा प्लेचा ८३ अंशांवर, तर एअरटेलचा १०८.२ अंशांवर. कोकण साधारण ७३ अंशांवर असल्याने या सर्व डिश कमी-अधिक आग्नेयेकडे तोंड करून बसतात. उपग्रह आकाशात बराच उंच असल्यामुळे सह्याद्री आड येत नाही, पण त्या दिशेचा माड किंवा फोफावलेला फणस नक्कीच येतो. जुन्या कंपनीची डिश ज्या जागी व्यवस्थित चालत होती, तेथे नवीही चालेलच असे धरू नये, कारण उपग्रह बदलला की दिशा बदलते.

खाऱ्या वाऱ्याने डिशचे क्लॅम्प आणि बोल्ट गंजतात. डिश थोडी हलली की उन्हात चित्र नीट दिसते आणि हलक्या पावसातही जाते. बसवून झाल्यावर स्वच्छ हवेत सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नलची गुणवत्ता लिहून ठेवावी. पाऊस थांबल्यावरही आकडा पूर्वीइतका वर येत नसेल, तर दोष पावसाचा नसून डिशच्या दिशेचा किंवा जोडात शिरलेल्या पाण्याचा आहे, असे समजावे. केबलचे डिशकडचे टोक टेपने नीट बंद केले आहे का आणि भिंतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारा वळसा दिला आहे का, हे तंत्रज्ञ निघण्यापूर्वी पाहावे. असा वळसा असला की पाणी तेथूनच गळून जाते, आत शिरत नाही.

टीव्हीच्या खर्चाचे गणित असे असते. पे वाहिन्यांची किंमत प्रसारक कंपन्या ठरवतात, म्हणून त्या सुट्या घेतल्यास कमाल किंमत सगळीकडे सारखीच असते. कंपन्यांमध्ये फरक पडतो तो जोडणी शुल्कात आणि पॅकेजच्या रचनेत. २०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि त्यापुढे १६० रुपये अशी या शुल्कावर पूर्वी मर्यादा होती. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने जुलै २०२४ मध्ये ती काढून टाकली. त्यामुळे आता हे शुल्क प्रत्येक कंपनीला विचारून घ्यावे लागते, घरात दोन टीव्ही असतील तर दुसऱ्याचेही. पॅकेज ऐकण्यापूर्वी घरात प्रत्यक्ष पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची यादी करावी. ती बहुधा दहा-पंधराच्या पुढे जात नाही आणि सुट्या वाहिन्यांचा हिशेब पॅकेजपेक्षा स्वस्त निघतो.

वर्षातून थोडेच दिवस उघडणाऱ्या घरात किंवा केवळ बातम्या व दूरदर्शन पाहणाऱ्यांसाठी डीडी फ्री डिश पुरेशी ठरू शकते. तिला मासिक शुल्क नाही. बॉक्स आणि डिश एकदाच विकत घ्यावी लागते. तिच्यावरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते, म्हणून यादी बदलत राहते. एखादी मालिका तिच्यावर कायम दिसेल, या भरवशावर जुने कनेक्शन सोडू नये.

घरात वृद्ध माणसे असतील तर आणखी एका व्यावहारिक गोष्टीचा विचार करावा. टीव्ही इंटरनेटवर नेला की रिमोट, मेनू आणि अ‍ॅप सगळेच बदलते. बटण क्रमांकाने वाहिनी लावण्याची सवय असलेल्या आजींना तो बदल जड जातो, आणि मुंबईहून फोनवर रिमोट शिकवणे सोपे नसते.

हंगाम आणि बसवण्याचा दिवस

नव्या कनेक्शनचे काम दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंतच्या काळात करावे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागला की ओल्या खांबावर कोणी चढत नाही, आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चालकाची सगळी माणसे दुरुस्तीत अडकलेली असतात.

तंत्रज्ञ येण्यापूर्वी वायरीचा मार्ग आपण ठरवून ठेवावा. वायर आंब्याच्या किंवा काजूच्या फांदीवरून नेऊ देऊ नये. झापे आणि नारळ पडतात तेथून, म्हणजे माडाखालून, तर मुळीच नेऊ नये. खळ्यावरून जाताना ती टेम्पो किंवा भाताच्या भाऱ्याला अडणार नाही एवढी उंच असावी. मोडेम शक्यतो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि इन्व्हर्टरच्या प्लगजवळ बसवावा. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस काही तास मोडेम चालवतो आणि त्याची किंमत फार नसते. मात्र मोडेमच्या मागे लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहूनच तो घ्यावा.

विजेच्या कडकडाटाचा विचार येथे करावाच लागतो, विशेषतः मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, परंतु घरापर्यंत येणाऱ्या वायरीत आधारासाठी पोलादी तार असते. ती तार भिंतीबाहेरच कापून खुंटीला बांधावी आणि मोडेमपर्यंत केवळ फायबर न्यावी. डिशची केबल तांब्याची असते, म्हणून गडगडाट सुरू झाला की सेट-टॉप बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत.

तंत्रज्ञ निघण्यापूर्वी प्रकाशाच्या पातळीचा आकडा त्याच्या मीटरवरून टिपून घ्यावा, लॅन केबलवर वेग मोजून घ्यावा आणि मोडेमच्या अनुक्रमांकाचा फोटो काढावा. फायबरचा हिरवा जोड निळ्या जोडात घालू नये. दोघांच्या टोकांची घडण वेगळी असते आणि तसे जोडल्यास प्रकाश वाया जातो.

यानंतर एक छोटी युक्ती पुष्कळ त्रास वाचवते. नव्या राउटरला जुन्याच वाय-फायचे नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा. मग टीव्ही, कॅमेरे आणि पाहुण्यांचे फोन काही न करता नव्या लाइनवर येतात. दोन्ही राउटर एकाच वेळी चालू असतील तेव्हा मात्र जुन्याचे नाव बदलून ठेवावे. राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदलण्याचेही काम त्याच दिवशी उरकावे.

दोन्ही कनेक्शन काही काळ सोबत चालवावीत

नवे सुरू झाले की जुने लगेच तोडण्याचा मोह होतो. दोन्हींचे बिल भरावे लागते हे खरे, पण किमान एक महिना दोन्ही ठेवावीत. हिवाळ्यात बदल केला असेल तर जुने कनेक्शन सर्वांत स्वस्त प्लॅनवर आणून पहिल्या पावसापर्यंत ठेवणे अधिक चांगले. घरून काम करणाऱ्यासाठी किंवा होम-स्टे चालवणाऱ्यासाठी हा खर्च विम्यासारखा आहे. ज्यांना तेवढी गरज नाही त्यांनी महिन्याभरानंतर निर्णय घ्यावा, मात्र रात्रीच्या वेगाच्या नोंदी पाहून घ्यावा.

या काळात जुन्या प्लॅनवर काय काय अवलंबून होते, याची यादी करावी. ओटीटीच्या वर्गण्या प्लॅनसोबत आल्या असतील तर त्या जुन्या कनेक्शनबरोबर बंद होतील. लँडलाइनचा नंबर बँकेत, गॅस एजन्सीत, विमा पॉलिसीवर किंवा मुंबईच्या नातेवाइकांकडे नोंदलेला असेल तर तो बदलून घ्यावा. होम-स्टेच्या फलकावर आणि नकाशावर छापलेला क्रमांकही त्यातच येतो.

जुने कनेक्शन रीतसर बंद करणे

बिल भरणे थांबवले की कनेक्शन आपोआप बंद होईल, हा समज सर्वाधिक नुकसान करतो. पोस्टपेड सेवेत त्यानंतरही बिल चढत राहते, मग थकबाकीच्या नोटिसा येतात आणि अनामत त्यात वळती होते. बंद करण्याचा अर्ज लेखीच द्यावा. बीएसएनएलच्या बाबतीत ग्राहक सेवा केंद्रात अर्ज देऊन पोच घ्यावी. खासगी कंपनीला नोंदणीकृत ईमेलवरून किंवा अ‍ॅपमधून कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. स्थानिक चालकाला अर्जाची प्रत देऊन तिच्यावर सही-तारीख घ्यावी. अर्जात ग्राहक क्रमांक, कोणत्या तारखेपासून सेवा बंद हवी, अनामतीची रक्कम आणि ती जमा करायचे बँक खाते लिहावे. कनेक्शन वडिलांच्या किंवा दिवंगत आजोबांच्या नावावर असण्याची शक्यता गावात मोठी असते. तसे असेल तर कोणती कागदपत्रे लागतील, ते महिनाभर आधी विचारावे.

बिलाच्या चक्राची तारीख पाहून अर्ज करावा, म्हणजे संपूर्ण महिन्याचे जादा भाडे पडत नाही. यूपीआय ऑटोपे किंवा बँकेची स्वयंचलित वजावट अंतिम बिल भरल्यावर आपण होऊन रद्द करावी. कंपनी ती रद्द करेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

भाड्याने दिलेला मोडेम किंवा सेट-टॉप बॉक्स परत करताना अडॅप्टर आणि रिमोटसह द्यावा, अनुक्रमांक दिसेल असा फोटो काढावा आणि पावतीवर तो क्रमांक लिहून घ्यावा. ‘माणूस येऊन घेऊन जाईल’ असे सांगितले जाते आणि माणूस महिनोन्‌महिने येत नाही. अशा वेळी आठवणीचे ईमेल पाठवून ठेवावेत. डिशचे प्रीपेड कनेक्शन असेल तर शिल्लक रक्कम वापरून संपवावी आणि मग रिचार्ज थांबवावा, पण बॉक्स आपला आहे की कंपनीचा, हे आधी तपासावे.

वर्षातून गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतेच घर उघडणाऱ्यांनी कनेक्शन तोडण्याऐवजी ते तात्पुरते स्थगित ठेवण्याची सोय आहे का, ते विचारावे. तिचे शुल्क आणि मुदत प्रत्येक कंपनीत वेगळी असते. अशा घरात प्रीपेड सेवा सोयीची पडते.

अनामत अडली किंवा बिल थांबले नाही तर

प्रथम कंपनीच्या ग्राहक केंद्रात तक्रार नोंदवावी आणि नोंदणी क्रमांक घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार इंटरनेट कंपनीने तो देणे बंधनकारक आहे. त्या उत्तराने समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. टीव्हीच्या सेवेसाठी कंपनीचा तक्रारींसाठी नेमलेला नोडल अधिकारी असतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, म्हणून तिकडे पत्र पाठवून वाट पाहण्यात वेळ घालवू नये. केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार करता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही ती नोंदवता येते. स्थानिक चालकाच्या बाबतीत हेल्पलाइनचा एक फोन पुष्कळदा पुरतो.

एवढ्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे मुख्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले तरी रत्नागिरीच्या ग्राहकाला तेथे जावे लागत नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, त्यामुळे बंद करण्याचा अर्ज, मोडेम परत केल्याची पावती, अंतिम बिल आणि तक्रार क्रमांकांचे संदेश किमान तेवढा काळ फाइलमध्ये जपून ठेवावेत. पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते, म्हणून त्यांचे फोटो स्वतःच्या ईमेलवरही पाठवून ठेवावेत.